जुळलं म्हणून सांगा

माझ्या वडिलांना, म्हणजे आबांना, माणसांची वयं कधी आठवत नाहीत. माझं वय विचारलं तरी ते आईकडं बघतात. पण जनावराच्या तोंडात अंगठा घातला की वय बिनचूक सांगतात. खालचा ओठ ओढायचा, अंगठा दातांवरून फिरवायचा, एकवार बघायचं आणि सोडून द्यायचं. चहाचा एक घोट घेईपर्यंत सगळा मामला उरकतो. दुधाचेच दात असले तर ते जनावर आदत. पहिले दोन पक्के दात आले की दुसा, चार आले की चौसा, मग सहादाती, आणि आठही पक्के दात येऊन ओळ भरली की बैल जुळला. मी ‘जुळलं’ हा शब्द आधी बैलांच्या बाबतीत ऐकला, लग्नाच्या बाबतीत नंतर.

आमचं गाव वडूजच्या अलीकडं. आजोबांपर्यंत घरात मेंढरं होती, आबांनी जमीन धरली, पण जनावराची पारख हातातून गेली नाही. हल्ली बैलगाड्यांच्या शर्यतींचं पेव फुटलंय. त्यात आदत बैलांचं मैदान वेगळं असतं. ज्यांचा एकही पक्का दात आलेला नाही तेच त्यात पळवायचे. आपला बैल आदतच आहे असं प्रत्येक मालक शपथेवर सांगतो, आणि शपथेवर कुणाचाच विश्वास नसतो. म्हणून आबांना बोलावतात. ते गाड्यांच्या रांगेतून फिरतात, अंगठा घालतात आणि पंचांना सांगतात, “पास हाय. सोडा.” किंवा मान हलवतात. मग मालकानं कितीही आरडाओरडा केला तरी उपयोग नसतो.

अशा माणसाच्या घरात माझं तोंड जन्माला आलं. वरचा जबडा चिंचोळा. पुढचे दात एकमेकांच्या खांद्यावर चढलेले, डावा सुळा तर हिरडीत वर कुठंतरी निघालेला. दाढा मिटल्या की वरच्या दाढा खालच्यांच्या आत जाऊन बसायच्या, मापात चुकलेलं डब्याचं झाकण बसतं तशा. शाळेत मला ‘डबलडेकर’ म्हणायचे. सातवीत असताना एकदा आबा खोंडाचे दात बघून हात धूत होते, तेव्हा मी जाऊन पुढं उभी राहिले आणि तोंड उघडलं. म्हटलं, “आबा, माझे बघा की.”

आबांनी हात मागं घेतला. “वरचं मला कळत न्हाई, पोरी,” म्हणाले. “जनावराला वर फुडचं दातच नसत्यात.”

हे खरं आहे. गाईबैलांना वर पुढं नुसती हिरडी असते. पण तेव्हा मला वाटलं, आबांना बघवत नाही. दुसऱ्याच्या जनावराचं तोंड उघडून बघणाऱ्या माणसाला पोटच्या पोरीचं तोंड बघायचं नाही. मी मिटलं ते मिटलंच. पुढं वर्गाच्या फोटोत, ओळखपत्रावर, मावसबहिणीच्या लग्नात, सगळीकडं माझे ओठ मिटलेले आहेत. लोकांना मी रागीट वाटते. तशी आहेही, पण फोटोत दिसते तेवढी नाही.

शिकून मी भूकरमापक झाले, म्हणजे लोकांच्या जमिनी मोजून हद्दी दाखवायचं काम. नेमणूक सांगली जिल्ह्यात मिळाली आणि मी सांगलीत खोली घेऊन राहिले. वीतभर बांधावरून सख्खे भाऊ एकमेकांचं तोंड बघत नाहीत, आणि दोघांच्या मधे मी यंत्र घेऊन उभी. असल्या कामात तोंड मिटून राहणं सोयीचंच होतं. सत्ताविसाव्या वर्षी एका मोजणीला शेतमालकानं शेंगदाणे आणि गूळ पुढं केला. मी दाणा चावला आणि पुढच्या दाताचा टवका उडाला. गावातल्या दवाखान्यातल्या डॉक्टरांनी टवका भरला आणि सांगितलं, “दोष दाण्याचा नाही. दात चुकीच्या जागी टेकतात. तारा लावणाऱ्या डॉक्टरांकडं जा, नाहीतर असाच एकेक जाईल.”

सांगलीतल्या त्या डॉक्टर माझ्याहून वयानं लहान होत्या. त्यांनी तोंडात गुलाबी लगदा भरून माप घेतलं आणि पुढच्या आठवड्यात यायला सांगितलं. नेमके त्याच दिवशी आबा ज्वारीचं पोतं घेऊन माझ्या खोलीवर आले होते. मी नको नको म्हणत असताना तेही दवाखान्यात आले.

टेबलावर माझे दोन्ही जबडे पांढऱ्या प्लास्टरमध्ये मांडून ठेवले होते, मोजून अठ्ठावीस दात, अक्कलदाढा मला आल्याच नव्हत्या. आपलेच दात आपल्यासमोर, आणि आपण पलीकडं बसलेले. मला लाज वाटली. आबांनी मात्र न विचारता वरचा साचा उचलला, तळहातावर पालथा घातला आणि अंगठा फिरवू लागले.

डॉक्टर म्हणाल्या, “बघा काका, वरची ही कमान गोल हवी ती टोकदार झालीय. त्यामुळं सगळ्या दातांना जागाच नाही.”

“मग आता?”

“सगळ्यात सोपा मार्ग म्हणजे चार दात काढायचे. दोन वरचे, दोन खालचे. मग जागा होते.”

“किडक्यात का?”

“नाही. चांगले आहेत.”

आबांनी साचा खाली ठेवला. मला कळलं की आता काहीतरी बोलणार. एका मैदानात एका मालकानं खोंडाचा नुकताच फुटलेला पक्का दात उपटून वर हळद दाबली होती, खोंड आदत दिसावा म्हणून. आबांचा अंगठा रक्तानं भरून बाहेर आला. त्या दिवशी ते जेवले नव्हते. तेव्हापासून ‘दात उपटणारा’ ही आमच्या घरातली सगळ्यात मोठी शिवी. ती आता या कोवळ्या डॉक्टरला पडणार म्हणून मी खुर्चीच्या काठावर आले.

पण आबा हळूच म्हणाले, “आवं डॉक्टरीणबाई, जागा नसली तर जागा करता येत न्हाई का? हायेत ती काढायची कशाला?”

डॉक्टर हसल्या नाहीत, हे मला आवडलं. त्या म्हणाल्या, “प्रयत्न करता येईल. दातांवर पक्क्या तारा लावायच्या. तार रुंद कमानीची असते, ती आपल्या मूळ आकाराला येऊ बघते आणि दातांना हळूहळू बाहेर ढकलते. लहान वयात हाडही रुंद होतं. यांचं वय आता तसं नाही, दातच सरकतील, आणि तेही हिरडीला सोसेल तेवढेच. आठ महिन्यांनी परत साचा घेऊन मोजू. जागा झाली तर चारही दात राहतील. नाही झाली तर काढावे लागतील. मी आत्ता शब्द देणार नाही.”

“शब्द देत न्हाई म्हंजे बोलणं खरं हाय,” आबा मला म्हणाले, डॉक्टरांसमोरच. मग त्यांना विचारलं, “ह्यो साचा मला मिळंल का?”

त्यांनी एक जादाची प्रत काढून दिली. आबांनी माझे जबडे टोपीत गुंडाळून पिशवीत ठेवले. स्टँडवर गाडीत चढताना म्हणाले, “ज्या दिशी बाई म्हणंल की दात काढायचं न्हाईत, त्या दिशी मला एकच शब्द सांग. जुळलं. बाकीचं मिलिमीटर मला सांगू नगंस.”

तारा लावल्या. पहिले चार दिवस मी कुणाशीच धड वागले नाही. दात दुखतात असं म्हणणं पुरेसं नाही, दात आपले नाहीत असं वाटतं. भाकरी दुधात कुस्करून खाल्ली, आंबील प्यायले, गालाला तार टोचली की मेणाची गोळी लावली. दुसऱ्या महिन्यात सांगलीत राहून भडंग खायचं नाही म्हणजे काय, असं म्हणून मूठभर भडंग तोंडात टाकलं आणि दाताला चिकटवलेली एक चकती सुटून आली. डॉक्टरांनी ती परत चिकटवली आणि मला शाळेतल्या मुलीसारखं झापलं. मी ऐकून घेतलं. शेतावर लोकांना विषयच मिळाला. एक म्हातारा यंत्राजवळ येऊन तोंडात वाकून बघत म्हणाला, “मॅडम, हद्द दावायला आलाय का सोताच्याच तोंडाला तारंचं कुंपण घालून आलाय?” मी हसले, आणि हसताना तोंड मिटायचं विसरले.

पण खरी काळजी आतली होती. चार दात. आरशासमोर उभी राहून मी ते चारही शोधून ठेवले होते. डॉक्टरांनी दाखवले होते ते, सुळ्याच्या मागचे. एकाही दातानं मला कधी त्रास दिला नव्हता. त्यांचा गुन्हा एवढाच की शेजाऱ्यांनी जागा खाल्ली. माझ्या कामात मी हे रोज बघते, गरीब भावाचाच बांध आत सरकतो. आणि काढले तर आबा काही बोलणार नाहीत, हे मला जास्त लागत होतं. गप्प बसतील आणि परत कधी माझ्या तोंडाचा विषय काढणार नाहीत, सातवीतल्यासारखा.

मग मी स्वतःच मोजायला लागले. संध्याकाळी भाकरी झाली की शिवणाचा दोरा घ्यायचा, वरच्या उजव्या दाढेपासून डाव्या दाढेपर्यंत ताणायचा, चिमटीत धरून स्टीलच्या पट्टीवर ठेवायचा आणि वहीत लिहायचं. सोमवारी वाढलेली जागा गुरुवारी कमी व्हायची. एका आठवड्यात तर माझा जबडा तारा लावण्याआधीपेक्षा अरुंद झाला. मी घाबरून वही घेऊन दवाखान्यात गेले. डॉक्टरांनी वही बघितली, दोरा बघितला आणि म्हणाल्या, “ताई, तुम्ही दोरा ताणता.”

दोरी लावून शेत मोजणाऱ्या प्रत्येक शेतकऱ्याला मी हेच वाक्य ऐकवत आले आहे. दोरी ताणते, भाऊ, दोरीवर जाऊ नका. लोका सांगे ब्रह्मज्ञान. ती वही मी त्यांच्याच कचऱ्याच्या डब्यात टाकली.

दर रविवारी आबांचा फोन यायचा. आधी ज्वारी, मग पाणी, मग खोंड, आणि सगळ्यात शेवटी, जणू आत्ताच आठवलं, “जागा झाली का?” मी म्हणायची, अजून नाही. ते म्हणायचे, “होतीया. घाई केल्यानं दात फुटत न्हाई.” आईनं एकदा हळूच सांगितलं की फोन लावायच्या आधी ते फळीवरचा साचा काढतात, उजेडाला धरतात आणि परत ठेवतात. काय बघतात ते तिला कळत नव्हतं, मलाही कळलं नाही.

आठ महिने भरले. त्या दिवशी आबा लोणंदच्या बाजूला एका आदत मैदानाला दात बघायला गेले होते. मी रजा टाकली होती. दवाखान्यात परत गुलाबी लगदा, परत प्लास्टर. डॉक्टरांनी जुना साचा आणि नवा साचा शेजारी ठेवले आणि लोखंडी मापक लावून एकेक अंतर मोजून लिहायला लागल्या. मी समोर बसून होते. लोकांना मी किती वेळा असं बसवून ठेवलंय, आणि वर ‘जरा शांत बसा, काका’ म्हटलंय, ते आठवलं. पुढच्या वेळी तसं म्हणणार नाही असं मी मनाशी ठरवलं. ते पाळलेलं नाही, पण ठरवलं होतं.

डॉक्टरांनी पेन ठेवलं. “तोंड मिटा,” म्हणाल्या. मी दाढा मिटल्या. पहिल्यांदाच वरच्या दाढा खालच्यांवर बाहेरून येऊन बसल्या आणि आत कुठंतरी टक असा आवाज झाला. डॉक्टर म्हणाल्या, “जागा झालीय. एकही दात काढायचा नाही. तारा अजून वर्षभर राहतील, रांग सरळ करायची आहे. पण काढायचं काही नाही.”

मला रडू आलं. तारांत अडकलेलं रडू विचित्र निघतं. डॉक्टरांनी कागदी रुमाल पुढं केला आणि खिडकीकडं बघत राहिल्या. मग इतकी भूक लागली की मी बाहेर पडून उभ्या उभ्या दोन वाट्या दहीभात खाल्ला.

स्टँडवर येऊन आबांना फोन लावला. त्यांनी उचलला नाही, कुठल्यातरी बैलाच्या तोंडात अंगठा असणार. दुसऱ्यांदा लावला तेव्हा त्यांच्या मित्रानं उचलला. आबा दात बघत असतात तेव्हा त्यांचा फोन हेच सांभाळतात. पलीकडं लाउडस्पीकर, अलीकडं एसटीचे भोंगे. मी ओरडून म्हटलं, “काका, आबांना सांगा, जुळलं म्हणून.”

“काय?”

“जुळलं! एवढंच सांगा. त्यांना कळतंय.”

“कुणाचं, तुजं?”

“हो, माझं.”

“आरं वा,” काका म्हणाले, आणि फोन बंद झाला. मी तासगावमार्गे विट्याची गाडी पकडली आणि खिडकीशी बसून जीभ वरच्या दातांवरून फिरवत राहिले. जिभेला इतकी ऐसपैस जागा कधी मिळाली नव्हती.

विट्याला गाडी बदलून गावी घरी पोचले तेव्हा उन्हं कलली होती. आई दारात हात कमरेवर ठेवून उभी. “कुणाशी जुळलं?” तिनं विचारलं. “समद्या गावाचं फोन यायला लागल्यात. थोरली मावशी इचारत्या, पोरगा मिल्ट्रीत हाय का? मी आय हाय का कोण हाय?”

काकांनी निरोप आबांना द्यायच्या आधी समालोचकाला दिला होता. भर मैदानात, गाड्या सुटायच्या आधी, लाउडस्पीकरवरून पुकारा झाला की आपले दात बघणारे आबा, त्यांच्या लेकीचं आज जुळलं, सगळ्यांनी अभिनंदन करावं. मैदानात आमच्या गावची निम्मी माणसं होती.

मी आईसमोर तोंड उघडलं आणि दाढा मिटून दाखवल्या. तिला कळायला थोडा वेळ लागला. मग ती उंबऱ्यावरच बसली आणि पोट धरून हसायला लागली. “आता मावशीला काय सांगू?” म्हणत परत हसली.

आबा आले ते अंधार पडायच्या आत. डोक्याला गुलाबी फेटा, कपाळापासून गळ्यापर्यंत गुलाल, हातात नारळ.

मी म्हटलं, “आबा, तुम्ही लोकांना सांगितलं नाही का?”

“काय सांगायचं? मायकात बरुबरच सांगितलं की. लेकीचं जुळलं.”

“अहो, लोक लग्नाचं समजले.”

“समजू दे की,” आबा म्हणाले. “लग्नाचा फेटा समद्यांनाच बांधत्यात. दाताचा कुणी बांधून घेतलाय?”

त्यांनी फेटा काढला नाही. हौदावर जाऊन साबणानं हात धुतले, मैदानातून आल्यावर धुतात त्याहून जास्त वेळ. मग माझ्यासमोर आले, उजेडाकडं तोंड करून मला उभं केलं आणि म्हणाले, “आ कर.”

मी तोंड उघडलं. पंधरा वर्षं झाली होती मागच्या वेळेला. आबांनी एक हात हनुवटीखाली धरला आणि दुसऱ्या हाताचा अंगठा खालच्या दातांवरून फिरवला, ओठ न ओढता, तारांना धक्का न लावता. ते मला अपेक्षित होतं, खालचं त्यांना कळतं. पण मग त्यांनी वरचा ओठ उचलला आणि एकेका दातावर अंगठा टेकवत मोजायला लागले. कुठला सुळा, कुठली दाढ, कोण कुणाच्या मागं होतं आणि आता कुठं आलंय, सगळं त्यांना पाठ होतं. सुळ्याच्या मागच्या दातावर ते थांबले, दोन्ही बाजूंना. तेच दात. फळीवरच्या साच्यात दर रविवारी ते काय बघत होते, ते मला आत्ता कळलं.

“अठ्ठावीस,” आबा म्हणाले. “समदं हायेत. एकबी उपटल्याला न्हाई.”

मग मैदानात पंचांना सांगतात त्याच आवाजात, ऐकायला फक्त आई असताना, त्यांनी निकाल दिला. “पास हाय. सोडा.”

सोडा म्हणाले, पण हनुवटीखालचा हात त्यांनी काढला नाही.